चार गोलांचे तीन मानकरी

पराक्रमाची आठवण ठेवण्याची आपली एक रीत आहे. दिवाळी आली की आमच्या हेंद्रेपाड्यात मुले दगडमाती गोळा करून किल्ले रचतात, त्यांवर अळीव पेरतात, बुरुजाबुरुजावर मावळे उभे करतात आणि माथ्यावर महाराजांना बसवतात. किल्ला पाहायला येणाऱ्याला ती बाजीप्रभूही सांगतात आणि तानाजीही सांगतात. मात्र हीच मुले हात धुऊन मोकळ्या जागेत चेंडू खेळायला निघाली, की त्यांच्या पाठीवर परक्या देशांच्या क्लबांची नावे असतात. कोणता खेळाडू आधी कोणत्या क्लबात होता, मग कोठे गेला आणि जाताना त्याची किंमत किती झाली, हे त्यांना पाढ्यांसारखे पाठ असते. त्यांना नेव्हिल डिसूझा कोण, असे विचारून पाहावे. सगळी एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात.

मुलांचा यात दोष नाही. त्यांच्या आईवडिलांना आणि बहुतेक आजोबांनाही हे नाव आठवत नाही. मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये या मुंबईकराने चार गोल केले आणि त्या स्पर्धेतील सर्वांत अधिक गोल करणाऱ्यांत त्याचे नाव लागले. तेवढेच गोल करणारे आणखी दोघे होते, एक युगोस्लाव्ह आणि एक बल्गेरियन. तिघांची शिदोरी सारखीच होती. पुढे मात्र तिघांच्या वाटा इतक्या वेगळ्या झाल्या, की खेळाडूच्या कपाळी काय येते ते त्याच्या पायांवर किती अवलंबून असते आणि त्याच्या भोवतालच्या व्यवस्थेवर किती, असा प्रश्न पडावा. त्या तिघांची ही हकीकत आहे.

आधी मुंबईच्या फुटबॉलविषयी थोडे सांगायला हवे. हा खेळ येथे गोऱ्या पलटणींनी आणला. १८९१ साली रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली आणि १९०२ मध्ये हार्वुड लीग. मुंबईत क्रिकेट हिवाळ्याचे, तर फुटबॉल पावसाळ्याचे. आषाढसरी कोसळू लागल्या की कूपरेजचे मैदान गजबजू लागे. एके काळी लाकडी पिंपे बनविणाऱ्या कारागिरांची ही जागा. त्यावरूनच तिला हे नाव पडले. पहिली जवळजवळ पन्नास वर्षे रोव्हर्स चषक गोऱ्यांच्याच हाती राहिला. १९३७ साली बंगलोर मुस्लिम्स या संघाने तो जिंकला, तेव्हा कोठे हिंदी हातांना त्याचा स्पर्श झाला. मग हैदराबाद पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षे तो आपल्याकडे ठेवला. मुंबईच्या संघांपैकी कॅल्टेक्सने १९५८ मध्ये तो घरी आणला.

कॅल्टेक्स हे नाव तेलाच्या कंपनीचे, आणि मुंबईच्या फुटबॉलचे सारे मर्म या एका नावात आहे. कलकत्त्यात मोहन बागान, ईस्ट बंगाल हे लोकांचे क्लब. त्यांच्या हारजितीवर घराघरांत चूल पेटायची किंवा विझायची. मुंबईत तसे नव्हते. येथे संघ कंपन्यांचे, बंदराचे आणि रेल्वेचे होते. चांगला पाय दिसला की साहेब पोराला कचेरीत चिकटवून घेई. पोरगा सकाळी मस्टरवर सही करी, दुपारपर्यंत टेबलावरच्या फायली हलवी आणि सामन्याच्या दिवशी लवकर सुटून मैदान गाठी. त्याला पगार मिळे तो कारकुनाचा आणि टाळ्या मिळत त्या खेळाडूच्या. खेळ संपला तरी नोकरी संपत नसे. गुडघा निकामी झाला तरी महिन्याच्या अखेरीस पाकीट हाती पडे. बदलापूर-अंबरनाथहून रोज लोकलने मुंबई गाठणाऱ्या माणसाला या सौद्याची गोडी समजावून सांगावी लागणार नाही.

या व्यवस्थेत नेव्हिल डिसूझा वाढला. त्याचा जन्म १९३२ सालचा. मुंबईच्या गोवेकर ख्रिस्ती समाजातील हा तरुण टाटा स्पोर्ट्स क्लबकडून खेळू लागला. त्याची जागा मधल्या आघाडीची, म्हणजे त्या काळच्या भाषेत सेंटर फॉरवर्डची. आजची मुले स्ट्रायकर म्हणतात. ही जागा मोठी चमत्कारिक आहे. बाकीचे दहा जण राबून राबून चेंडू पुढे आणतात आणि याला तो क्षणभरच मिळतो. तो क्षण साधला तर जयजयकार. हुकला, तर आधीची सारी धावपळ कोणाच्या लक्षात राहत नाही. कापणीच्या वेळी शेतावर उभे राहणाऱ्यासारखे हे काम आहे. पीक सगळ्यांचे, पण विळा याच्या हातात.

मेलबर्नला निघालेल्या संघाला मागच्या दोन ऑलिंपिकांची आठवण होती. १९४८ साली लंडनला आपले बरेचसे खेळाडू अनवाणी खेळले आणि फ्रान्सकडून २-१ असे थोडक्यात हरले. गोऱ्या प्रेक्षकांनी कौतुक केले. १९५२ साली हेलसिंकीच्या थंडीत मात्र युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढवले. आपला एकच झाला. अनवाणी खेळाचे कौतुक तेथे संपले आणि बूट सक्तीचे झाले.

मेलबर्नच्या संघाचे शिक्षक होते हैदराबादचे सय्यद अब्दुल रहीम. 'शिक्षक' हा शब्द येथे अगदी अक्षरशः घ्यावा. रहीमसाहेब पेशाने शाळामास्तर होते आणि हैदराबाद पोलिसांचा तो पाच वर्षे चषक राखणारा संघ त्यांच्याच हाताखाली तयार झाला होता. आपल्या खेळाडूंना चेंडू पायाशी घोळवीत बसण्याची हौस फार. ती मोडावी म्हणून रहीमसाहेबांनी असे सामने लावले, की ज्यांत चेंडू घोळवायलाच बंदी. चेंडू आला की लगेच सोबत्याला द्यायचा. काही सामन्यांत तर ज्या पायाने खेळता येत नाही त्याच पायाने खेळायचे. शुद्धलेखन कच्चे असलेल्या मुलाकडून तोच शब्द दहादा लिहून घ्यावा, तसलाच हा प्रकार. मीही वर्गात खडू झिजवणारा असल्यामुळे या युक्तीला मनापासून दाद देतो.

स्पर्धा १९५६ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात झाली. पहिली गाठ हंगेरीशी पडायची होती, पण त्या देशात उठाव होऊन रशियन रणगाडे राजधानीत शिरले होते. हंगेरीचा संघ फुटबॉलला उतरलाच नाही आणि आपल्याला पुढे चाल मिळाली. मग १ डिसेंबरला यजमान ऑस्ट्रेलियाशी सामना झाला. मैदान त्यांचे, प्रेक्षकही त्यांचे.

नवव्या मिनिटाला आपला कर्णधार समर बॅनर्जी याचा फटका आडव्या दांड्यावर आदळून परत आला. नेव्हिल तेथे होता. त्याने चेंडू डोक्याने आत ढकलला. सतराव्या मिनिटाला ब्रूस मॉरोने बरोबरी केली. तेहेतिसाव्या मिनिटाला उजव्या बगलेवरून पी. के. बॅनर्जीने चेंडू आत टाकला आणि नेव्हिलने दुसरा गोल केला. मध्यंतराला चार मिनिटे उरली असताना मॉरोने पुन्हा बरोबरी केली. दोनदा पुढे जाऊन दोनदा मागे ओढला गेलेला संघ बहुधा खचतो. हा खचला नाही. मध्यंतरानंतर पाचच मिनिटांनी नेव्हिलचा तिसरा गोल झाला आणि ऐंशीव्या मिनिटाला किट्टूने चौथा केला. भारत चार, ऑस्ट्रेलिया दोन. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एका सामन्यात तीन गोल करणारा नेव्हिल हा पहिला आशियाई, आणि उपांत्य फेरी गाठणारा भारत हा पहिला आशियाई देश. पुढे सिडनीत ऑस्ट्रेलियाने आपल्याशी आणखी एक मैत्रीचा सामना खेळून पाहिला. तो आपण ७-१ असा जिंकला, तेव्हा पहिला विजय नशिबाचा होता असे म्हणायची सोय उरली नाही.

उपांत्य सामना होता ४ डिसेंबरला, आणि समोर होता तोच युगोस्लाव्हिया, चार वर्षांपूर्वी दहा गोल चढविणारा. मध्यंतरापर्यंत कोणाचाच गोल झाला नाही. बावन्नाव्या मिनिटाला नेव्हिलने गोल केला आणि भारत पुढे गेला! हेलसिंकीच्या दहा गोलांनंतर ही आघाडी म्हणजे केवढे नवल! पण ते नवल दोनच मिनिटे टिकले. चोपन्नाव्या मिनिटाला पापेत्सने बरोबरी केली आणि सत्तावन्नाव्या मिनिटाला तोडोर वेसेलिनोविच नावाच्या आघाडीच्या खेळाडूने युगोस्लाव्हियाला पुढे नेले. त्यानंतर पापेत्सने आणखी एक गोल केला आणि एक आपल्याच सलामच्या पायाला लागून आपल्या जाळ्यात गेला. आपण ४-१ असे हरलो. मग ७ डिसेंबरला ब्राँझपदकासाठी बल्गेरियाशी गाठ पडली. ती ३-० अशी हातची गेली. त्यांतील एक गोल दिमितर मिलानोव्हचा होता.

नेव्हिल, वेसेलिनोविच आणि मिलानोव्ह. तिघांच्या गोलांचा हिशेब मांडला की योगायोगाचे आश्चर्य वाटते. उपउपांत्य फेरीत नेव्हिलने ऑस्ट्रेलियावर तीन गोल केले, वेसेलिनोविचने अमेरिकेवर तीन आणि मिलानोव्हने ब्रिटनवर तीन. तिघांचा चौथा गोलही भारत ज्या सामन्यांत खेळला त्यांतच झाला. नेव्हिलचा युगोस्लाव्हियावर, इतर दोघांचे आपल्यावर. एकाच तराजूत घातले तर तिन्ही पारडी सारखी.

आणखी एका बाबतीत तिघे सारखे होते. तिघेही कागदोपत्री हौशी. त्या काळी ऑलिंपिकचा दंडकच होता, की खेळून पैसे घेणाऱ्याला प्रवेश नाही. इंग्लंड, इटलीसारख्या देशांचे खरे नामांकित खेळाडू उघडउघड धंदेवाईक, म्हणून ते घरी बसत. जे येत त्यांच्या हौशीपणाला निरनिराळी पांघरुणे होती. बल्गेरियन मिलानोव्ह सोफियाच्या लष्करी क्लबाचा, म्हणजे वेश सैनिकाचा आणि कवायत फुटबॉलची. युगोस्लाव्ह वेसेलिनोविच सरकारच्या मांडवाखालील क्लबाचा. आपला नेव्हिल कंपनीच्या संघाचा. सोवळे तिघांनीही नेसलेले होते. फक्त प्रत्येकाच्या सोवळ्याचा काठ वेगळा होता.

मेलबर्ननंतर तिघे तीन वाटांनी गेले. मिलानोव्हची वाट सर्वांत सरळ. त्याच्या लष्करी क्लबाने १९५४ ते १९६२ या काळात बल्गेरियाचे अजिंक्यपद सलग नऊदा जिंकले. देशाने त्याला एका घरात ठेवले आणि त्या घराचा दरारा वाढवला.

वेसेलिनोविचची वाट मात्र सिंदबादाच्या सफरींसारखी आहे. नोव्ही साद या गावी १९३० साली जन्मलेला हा माणूस तेथल्याच व्होयव्होदिना क्लबात मोठा झाला आणि १९५८ चा विश्वचषक खेळला. तिशीला टेकल्यावर तो देशाबाहेर पडला. इटलीत साम्पदोरिया, हॉलंडमध्ये फेयनूर्ड, ऑस्ट्रियात फर्स्ट व्हिएन्ना असे घाटाघाटाचे पाणी तो प्याला. आता हौशीपणाचे सोंग उरले नव्हते. पाय विकत घेणारे विकत घेत होते आणि तोही रोख मोल घेत होता. पाय थकले तेव्हा त्याने डोके विकायला काढले. तो शिक्षक म्हणून कोलंबियात गेला. तुर्कस्थानच्या फेनरबाहचे या क्लबाला त्याने १९८५ आणि १९८९ अशी दोन अजिंक्यपदे मिळवून दिली. त्याआधी, १९८४ च्या युरोपीय स्पर्धेत, तो आपल्या देशाच्याच संघाचा शिक्षक होता. २०१७ साली शहाऐंशीव्या वर्षी तो वारला, तेव्हा तीन-चार देशांतील वर्तमानपत्रांना त्याचे काही ना काही देणे लागत होते.

नेव्हिलच्या वाटेविषयी लिहायला घेतले की लेखणी अडखळते, कारण वाट फार लांब जात नाही. मेलबर्नहून तो मुंबईला परतला. ऑलिंपिकमधील गोलांची यादी पाहून कोणी परदेशी व्यापारी कूपरेजच्या दारात थैली घेऊन उभा राहिला नाही. आशियाच्या खेळाडूकडे तसे पाहण्याची त्या काळी युरोपात रीत नव्हती, आणि आपल्याकडे धंदेवाईक फुटबॉल नव्हताच. १९६० साली रोमला भारताचा संघ गेला, फ्रान्सशी १-१ अशी बरोबरी करून आला. त्या संघात नेव्हिल नव्हता. १९६२ साली जकार्तात रहीमसाहेबांच्या संघाने आशियाई सुवर्णपदक जिंकले, त्यातही तो नव्हता. १९६१ पासून सरकारने अर्जुन पुरस्कार देण्यास सुरुवात केली. पहिल्याच वर्षी पी. के. बॅनर्जीला तो मिळाला आणि पुढल्या वर्षी मेलबर्नच्याच तुलसीदास बलरामला. तीही मोठीच माणसे, त्यांच्या मानाविषयी तक्रार नाही. नेव्हिलच्या वाट्याला मात्र तो कधीच आला नाही. १९८० साली, पन्नाशी गाठण्याआधीच, तो वारला.

येथे वाचकांपैकी कोणी म्हणेल, मास्तर, शेवटी कोणाची वाट बरी? हा प्रश्न मला दरवर्षी पालक विचारतात. फक्त त्यांची भाषा निराळी असते. पोरगा खेळात हुशार आहे, पण खेळून पोट भरेल का, असे ते म्हणतात. या प्रश्नाला हसू नये. त्यामागे घरभाडे असते, बहिणीचे लग्न असते, पास काढून गर्दीत चेंगरत केलेला प्रवास असतो. कंपनीच्या संघाने या प्रश्नाला एके काळी भले उत्तर दिले होते. 'खेळ, पोट आम्ही पाहतो' असे सांगणारे ते एकच दार होते, आणि ते नसते तर नेव्हिलसारख्या किती मुलांचे बूट खुंटीलाच राहिले असते! वेसेलिनोविचच्या सफरींची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावी. दर दोन-तीन वर्षांनी नवे गाव, नवी भाषा, नवे साहेब. गोल आटले की गाठोडे बांधायचे. ते सगळ्यांना मानवत नाही.

पण कंपनीच्या दारात एक उणीव होती. तेथे खेळाडू सांभाळला जाई, खेळ नव्हे. संघ हे कंपनीचे भूषण होते, तिचा व्यवसाय नव्हता, आणि भूषण काढून ठेवायला फारसे धैर्य लागत नाही. काळ बदलला, खर्चाचे हिशेब बदलले, तसे एकेक संघ मिटत गेले. कॅल्टेक्सचे नावच देशातून गेले. मफतलाल, ऑर्के हे संघ गाजले आणि गेले. महिंद्र युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली होती. २०१० च्या मोसमानंतर तोही संघ बंद झाला. शतकाहून अधिक वय असलेला रोव्हर्स चषक या शतकाच्या आरंभीच थांबला होता. कलकत्त्याचे जुने क्लब आजही उभे आहेत, कारण त्यांच्यामागे लोक आहेत. मुंबईच्या संघांमागे लेजर होते. लेजरचे पान संपले, की संघही संपला. आणि संघ संपला, की त्याच्या खेळाडूंची आठवण सांगणारे कोणी उरत नाही. नेव्हिल विसरला गेला त्याचे मूळ मला येथे दिसते. मोहन बागानच्या खेळाडूची गोष्ट बाप मुलाला सांगतो. जेथे क्लब लोकांचा नव्हता, तेथे ती गोष्ट कोणी कोणाला सांगायची?

आता पुन्हा दिवस पालटले आहेत. २०१४ पासून नवी लीग सुरू झाली, मुंबई सिटी या क्लबाने २०२०-२१ मध्ये ती जिंकली, आणि खेळाडू उघडपणे करार करून पैसे घेऊ लागले. तालमी-तालमींचे फुटबॉल संघ ज्या कोल्हापुरात नांदतात, तेथला अनिकेत जाधव २०१७ साली आपल्या देशात झालेल्या सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताच्या आघाडीला खेळला आणि पुढे जमशेदपूर, हैदराबाद अशा दूरच्या शहरांच्या संघांतून मैदानात उतरला. नेव्हिलच्या पिढीला जी वाट दिसलीच नाही, ती आता कोल्हापूरच्या गल्लीपर्यंत येऊन पोहोचली आहे. ती निसरडी आहे, लहान कराराची आहे, पण वाट आहे. २०२४ साली 'मैदान' या हिंदी चित्रपटाने रहीमसाहेबांची गोष्ट लोकांपुढे आणली, तेव्हा मेलबर्नच्या त्या संघाची नावे पुन्हा थोडी कानांवर पडली.

तेव्हा पालकांना मी सांगतो, की पोराला खेळू द्या आणि त्याचे शिक्षणही सोडू नका. खेळाचा पैसा पायांवर अवलंबून असतो आणि पाय लवकर थकतात. पण याहून निराळी एक जबाबदारी आपली सर्वांची आहे. पैसा नेव्हिलला आता पोहोचायचा नाही. पुरस्कार त्याच्या हयातीत दिला नाही, तो आता दिला तरी हारातल्या फुलांसारखाच. नावाचे तसे नाही. ते कधीही उच्चारले तरी ताजे असते. चार गोलांच्या तीन मानकऱ्यांपैकी दोघांना त्यांच्या देशांनी आणि क्लबांनी आपापल्या दप्तरात जपून ठेवले. तिसरा आपला आहे, आणि त्याच्यासाठी दप्तर नाही, आपण आहोत. या दिवाळीत फराळाचे ताट पुढे आले आणि पोरांनी परक्या क्लबांची चर्चा सुरू केली, की त्यांना मध्येच थांबवून एवढे विचारावे: ज्या युगोस्लाव्हियाने आपल्यावर दहा गोल चढवले होते, त्याच युगोस्लाव्हियाच्या पुढे भारताला नेणारा गोल कोणी केला, सांगा पाहू?